आधी आजीचं ताट, मंग नैवेद्य

पोळा तोंडावर आला, त्याच्या मागून गणपती अन मग महालक्ष्म्या (म्हणजे ज्येष्ठा गौरी), त्यामुळे या वेळी जी पत्रं आली (पत्रं म्हणायचं फक्त, सगळे व्हॉट्सॲपवरच पाठवतात आता अन अर्धे तर नुसतं बोलून पाठवतात) त्यातली बरीचशी एकाच गोष्टीची आहेत. घरात म्हातारं माणूस खाटेवर आहे, नाहीतर विसरायला लागलंय, आणि सण तर आलाच. चार पत्रं निवडली, नावं काढून टाकली. तब्येतीचं जे सांगते ते ग्रामीण रुग्णालयात सिस्टर म्हणून नोकरी झाली त्या आधारावर सांगते, पण तुमच्या माणसाला ज्या डॉक्टरनं हात लावून बघितलं त्याचं म्हणणं माझ्या वर, हे धरून चाला.

ताई नमस्कार. आमच्याकडे महालक्ष्म्या पिढीजात आहेत, पितळी मुखवट्याच्या, उभ्या. मागच्या दिवाळीनंतर सासूबाईंना लकवा झाला, उजवा हात पाय गेला अन बोलणं पण गेलं, हो नाही एवढंच म्हणतात, ते पण कधी कधी उलटं. सगळं खाटेवरच आहे, डायपर लावतो. घरी मी, मिस्टर अन पोरगी, मिस्टर दिवसभर वावरात अन पोरगी बारावीला. दरवर्षी आमच्याकडे दीडेकशे पान उठते, यंदा कसं करू समजून नाही राहिलं. जाऊबाई म्हणतात आमच्याकडे अमरावतीले नेतो महालक्ष्म्या, पण हे ऐकलं की सासूबाई रडतात. शेजारच्या काकू म्हणतात ज्या घरात खाटेवर सगळं चाललंय तिथे कशा बसवता, विटाळ होते. आणि खोली एकच मोठी आहे, मधातली, तिथेच महालक्ष्म्या बसतात अन तिथेच त्यांची खाट आहे. पुरण त्यांना जीव की प्राण, पण पाणी पिताना पण ठसका लागते. बसवू का नको, खाट कुठे नेऊ, खायला काय देऊ?
एक सून, चांदूर बाजार तालुका

बसवा. पण दीडशे पान नाही.

महालक्ष्म्यांचा कुळाचार म्हणजे तीन दिवस, अनुराधा नक्षत्रावर आणायच्या, ज्येष्ठा नक्षत्रावर पूजा अन नैवेद्य, मूळ नक्षत्रावर पाठवणी. पहिल्या दिवशी भाजी भाकरी, दुसऱ्या दिवशी पुरण, आंबील, सोळा भाज्या, कढी, वडे, वरती टांगायला फुलोरा. यात गावजेवण कुठेच सक्तीचं नाही, ते तुमच्या घराच्या ऐपतीनं अन हौशीनं वाढत गेलं, आणि हौस ज्या बाईची होती ती आता खाटेवर आहे. एक सवाष्ण, एक कुमारिका, घरचे चार, झालं. भावकीला तुमच्या मिस्टरनं सांगायचं, तुम्ही नाही. पुरुषानं सांगितलं की भावकी ऐकते अन सुनेनं सांगितलं की ‘आळस करते’ म्हणते, हे काही मी नवीन सांगत नाही.

सोळा भाज्याचं पण बघा, बाजारातून सोळा प्रकारची थोडी थोडी घेऊन एकत्र एकच भाजी करतात बऱ्याच घरी, तुम्ही पण तेच करा. फुलोऱ्याच्या करंज्या पापड्या बचत गटाच्या बायांकडून करून घ्या. सोवळ्याचं मन मानत नसेल तर नैवेद्यापुरतं पाच नग घरी करा, बाकी बाहेरचं.

अमरावतीला न्यायचं की नाही हे जाऊबाई अन तुम्ही दोघींनी मिळून ठरवायचं नाही, सासूबाईंना विचारायचं. उजवी बाजू गेली अन सोबत बोलणं गेलं म्हणजे मार मेंदूच्या डाव्या बाजूला बसला, अन अशा माणसाला बोलता येत नाही त्यापेक्षा समजतं कितीतरी जास्त, हे फार वेळा दिसतं. रडतात याचा अर्थच समजून राहिलं त्यांना. हो नाही उलटं होते म्हणता तर तोंडी विचारू नका. मुखवटे त्यांच्या पुढ्यात ठेवा, एक हात घराकडे दाखवा अन एक बाहेर, डाव्या हातानं दाखवू द्या. मग प्रश्न फिरवून पुन्हा विचारा. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं तर तेच खरं धरा. आणि हात जोडून सांगते, त्यांच्या खाटेजवळ उभं राहून ‘आता यांना काय समजते बिचारीले’ असं कोणी पाहुणा म्हणायला लागला तर त्याला तिथल्या तिथे थांबवा.

आता विटाळ. धुतलेला पलंग, ओल्या कपड्यानं पुसलेलं अंग, कोरडं डायपर, स्वच्छ लुगडं, यात विटाळ कुठे आहे ते त्या काकूंना दाखवायला सांगा. आपण महालक्ष्म्यांच्या सोबत त्यांची पिलवंडं बसवतो न? लेकराबाळाची आई ती, तिच्या पुढ्यात घरचं लहान लेकरू मुतलं तर कोणी सण बंद करते का? तरी मनात अडकतच असेल तर एक जुनं लुगडं दोरीवर टाकून पडदा करा, बदलायच्या वेळेपुरता ओढायचा, पुन्हा उघडायचा. काकूंना मात्र एक काम द्या, पूजेच्या दिवशी दुपारी दोन ते चार सासूबाईंजवळ बसायचं. बघा येतात का.

खाट मागच्या खोलीत नेऊ नका, मधातच राहू द्या, फक्त दिशा बदला. लकवा झालेल्या काही माणसांना ज्या बाजूचा हात पाय गेला त्याच बाजूचं अर्धं दिसत पण नाही, दोन्ही डोळे चांगले असून. म्हणून महालक्ष्म्या त्यांच्या डाव्या हाताकडे येतील अशी खाट फिरवा म्हणजे मान न वळवता दिसेल. पाहुणे येतील त्या वाटेत खाट नको, येणारा प्रत्येक जण गुडघ्यानं धक्का देते. समई अन धूप खाटेपासून दूर, पडदा तर आणखीनच दूर. धुरानं खोकला येते अन ज्याला ठसका लागते त्याला खोकला अजिबात परवडत नाही, त्या दिवशी धूप कमी झाला तर महालक्ष्म्या रागावत नाहीत.

खायचं जरा सविस्तर सांगते कारण सगळ्यात जास्त धोका इथे आहे. पाण्यानं ठसका लागते म्हणजे गिळायचे स्नायू कमजोर झाले, पाणी पातळ असते, पटकन घसरते अन अन्ननळीत जायच्या ऐवजी श्वासनळीत जाते. लोकांना वाटते घट्ट अडकेल म्हणून सगळं पातळ करून देऊ, पण असं पातळ करूनच कितीतरी म्हाताऱ्यांना निमोनिया होते. त्यामुळे सणाची वाट न बघता एकदा मोठ्या सरकारी दवाखान्यात किंवा मेडिकल कॉलेजला दाखवा, तिथे गिळण्याची तपासणी करणारे स्पीच थेरपिस्ट असतात, कोणतं किती घट्ट द्यायचं ते सांगतात. तोवर हे पाळा. पूर्ण जाग्या असल्या तरच भरवायचं, पाठीला लोड लावून सरळ बसवून, झोपल्या झोपल्या नाही. छोटा चमचा, हनुवटी थोडी खाली, एक घास गिळला हे बघून मगच दुसरा, अन उजव्या गालात अन्न साचून राहते ते बोटानं कपडा गुंडाळून काढायचं. झाल्यावर किमान अर्धा तास बसवूनच ठेवायचं. खाताना आवाज पाण्यासारखा घरघर झाला, किंवा नंतर ताप आला, छाती वाजायला लागली तर सण बाजूला ठेवून दवाखाना.

पुरण चालेल, पोळी नाही. एकजीव वाटलेलं पुरण चाळणीतून काढायचं, कोमट दूध अन तूप घालून चमच्यावरून सावकाश पडेल एवढं सैल करायचं. नुसतं पुरण टाळूला चिकटते, ते तसं देऊ नका. आंबील तर त्यांच्यासाठीच केल्यासारखी आहे, ज्वारीच्या पिठाची घट्टसर, मऊ, फक्त त्यात खोबऱ्याचे तुकडे अन दाणे टाकायच्या आधी त्यांची वाटी काढून ठेवा. भोपळ्याची फोड कुस्करून चालते. कढी नको, कटाची आमटी नको, दोन्ही पातळ. भात आमटी कालवून तर अजिबातच नको, शितं तोंडात राहतात अन पाणी पुढे पळते. वडा, पापड, करंजी, लाडू, पालेभाजीचे देठ, हे सगळं नको. ‘सणाचा एवढासा तुकडा दे न तिला’ म्हणणारी एक तरी बाई येतेच, म्हणून खाटेच्या डोक्याशी चिठ्ठी लावा: विचारल्याशिवाय खायला देऊ नये.

अन वेळ. नैवेद्य व्हायला दुपारचे तीन वाजतात, आरती होईपर्यंत चार, तोवर घरात कोणी तोंड उष्टं करत नाही. सासूबाईंना हे लागू नाही. त्यांचं रोजचं अकरा बाराचं जेवण वेगळ्या शेगडीवर, घोटून एकजीव केलेली घट्टसर खिचडी असो की काय असो, त्यांच्याच वेळेवर, गोळ्या पण त्याच वेळेवर. प्रसादाचं पुरण नंतर दोन चमचे. उपाशी माणूस थकते, थकलेलं माणूस नीट गिळत नाही, एवढं साधं आहे ते. ‘देवाच्या आधी कसं’ असं मन खात असेल तर सकाळी दहालाच वाटीभर पुरणाचा नैवेद्य दाखवून मोकळ्या व्हा अन मोठं ताट संध्याकाळी.

दर दोन तासांनी कूस बदलणं. सणाच्या दिवशी हेच सुटते, पहाटे चारपासून बाई चुलीपाशी अन खाटेवरचं माणूस एकाच अंगावर, अन तिसऱ्या दिवशी माकडहाडावर लाल चट्टा. बोटानं दाबून तो लालपणा जात नसेल तर जखमेची सुरुवात समजा. मोबाईलमध्ये दोन दोन तासांचा अलार्म लावा अन कोणत्या वेळी कोण बदलणार ते नावानिशी भिंतीवर लिहा. हवेची गादी असेल तर लक्षात ठेवा, भादव्यात आपल्याकडे लाईन किती जाते ते तुम्हाला माहीत आहे, मोटर बंद पडली की गादी हळूहळू बसते अन माणूस लाकडावर. लाईन गेली की अलार्मची वाट बघायची नाही.

सगळ्यात शेवटी सासूबाईंचं काम, हो त्यांना पण काम द्या. साडी कोणती नेसवायची ते त्यांनी हात लावून सांगायचं. मुखवट्याला पहिलं कुंकू त्यांचं, डाव्या हातानं. डाव्या हातानं कुंकू? हो, डाव्या हातानं, उजवा देवानंच ठेवला नाही न. आणि आरतीच्या वेळी त्यांचा चेहरा बघा. बोलणं गेलेली कितीतरी माणसं आरती, अभंग, ओव्या म्हणतात, चालीवर शब्द येतात, कारण गाण्याला मेंदूची दुसरी बाजू पण हात देते. शब्द तोडके येतील, नुसता सूर येईल, येऊ द्या, कोणी हसायचं नाही अन ‘अरे बोलल्या बोलल्या’ करून गलका पण करायचा नाही. रोज सकाळी तीच आरती सोबत म्हणत गेल्या तर सणानंतर पण फायदाच आहे.

ताई, माह्या बाबाचं वय ऐंशीच्या वर झालं. दोन वर्साआधी मी बैलजोडी इकली, आता सारी वाही टॅक्टरनं होते. बाबा आता सारं भुलते, मले पन कधी कधी वळखत नाही. पोळा जवळ आला का रोज सकायी उठून कोठ्यात जाते अन बैल कुठी गेले म्हून इचारते. इकले म्हटलं का पोरावानी रडते, अन धा मिनटानं पुन्हा तेच. मांगच्या पोळ्याले तोरनाजवळ नेलं होतं तं गर्दीत दिसेनासे झाले, रातच्याले नाल्याजवळ सापडले. यंदा घरातच कोंडून ठेवाव काय? मेडिकलवाला म्हनते त्या दिवशी झोपेची गोळी देऊन टाक.
एक शेतकरी, दिग्रस तालुका

दादा, गोळी नको. डॉक्टरला न विचारता दिलेली झोपेची गोळी विसरणाऱ्या म्हाताऱ्याला शांत करत नाही, बरेचदा आणखी भ्रमात टाकते, अन रात्री उठायला गेले तर तोल जाऊन पडतात, या वयात खुब्याचं हाड मोडलं की मग काय होते ते तुमच्या गावात पण बघितलं असेल. कोंडून पण नका ठेवू, दार वाजवून वाजवून जास्त बिथरतील.

‘इकले’ हे सांगणं बंद करा. तुम्ही खरं बोलता, पण त्यांच्यासाठी ती बातमी दर दहा मिनिटानं नवीन असते, म्हणजे जोडी एकदा विकली अन बाबांना तिचं दुःख दिवसातून वीस वेळा. खोटं पण बोलायचं नाही, ‘चरायला गेले’ म्हटलं तर ते शोधायला निघतील अन मग पुन्हा नाला. त्याऐवजी बैलाचंच बोला. बाबा, तुमच्या जोडीत उजवीकडं कोण चालायचा? कोणत्या बाजारातून आणली होती? नावं काय होती? जुनं त्यांना आठवते, सकाळी काय जेवले ते आठवत नाही. रडू आलं तर रडू द्या, पाठीवर हात ठेवा अन मग विषय कामावर आणा.

काम म्हणजे खरं काम. झूल, घुंगरमाळा, कासरे, वेसण घरात कुठे तरी पडलेच असतील, विकताना सगळं थोडंच दिलं? ते काढून त्यांच्या पुढ्यात ठेवा. माळा पुसायच्या, कासऱ्याच्या गाठी सोडायच्या, नवीन दोर वळायचा. हाताला हे सगळं पाठ असते, डोकं विसरलं तरी हात विसरत नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी खांदेमळणी असते, त्या वेळी शेजाऱ्याची गरीब स्वभावाची जोडी दहा मिनिटं तुमच्या अंगणात आणा, त्याला आधी सांगून ठेवा. बाबांच्या हातानं बैलाच्या खांद्याला तूप हळद लावू द्या अन ‘आज आवतण घ्या, उद्या जेवाले या’ हे त्यांनाच म्हणू द्या. तुम्ही बाजूलाच उभे रहा, बैल ओळखीचा नसला की शिंग हलवतो.

तोरणाखाली, जिथे गावातल्या सगळ्या जोड्या जमतात तिथे, यंदा नेऊ नका. वेळच वाईट आहे ती, विसरणाऱ्या माणसाला दिवस मावळताना जास्त घाबरल्यासारखं, घर सोडून कुठे तरी जायचं आहे असं होते, अन नेमकं तेव्हाच आपलं तोरण तुटते, वाजंत्री, फटाके, बैल पळतात, माणसं पळतात, त्यात चार जण पिऊन असतात. दुपारीच, जोड्या सजवून एक एक यायला लागतात तेव्हा ओट्यावर खुर्ची टाकून बसवा. झडत्या (पोळ्याला बैलांपुढे म्हणतात त्या ओळी) ऐकायच्या तर कोणी मोबाईलवर काढून आणेल, नाहीतर बाबांनाच म्हणायला लावा, या वयाच्या माणसाला दहा वीस तरी पाठ असतात. रात्री ज्यांची जोडी बोजारा मागायला घरोघर फिरते त्यांना तुमच्या दारी यायला सांगा, बैलाला ओवाळणं बाबांच्या समोर होऊ द्या अन बोजाऱ्याचे पैसे त्यांच्या हातानं द्या. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा आहेच, नातवाचा लाकडी नंदी सजवायला बाबांना बसवा, मी सांगते अर्धा दिवस निघून जाईल.

खिशात चिठ्ठी ठेवा, नाव, गाव अन तुमचा नंबर, सदऱ्याच्या आतून शिवूनच टाका, खिशातली काढून फेकतात. करीच्या दिवशी घरात सगळे सुस्त असतात, पुरुष तर विचारूच नका, तेव्हा लक्ष कोणाचं आहे ते आदल्या रात्री ठरवा. आणि एक, रोजच्यापेक्षा एकाएकी जास्त बडबड, रात्रभर जागरण, भलतंसलतं दिसणं असं दोन दिवसात वाढलं तर ‘वयामुळे’ म्हणून सोडू नका. लघवीचं इन्फेक्शन, पोट साफ नसणं, पाणी कमी पिणं, यानं असं होते अन ते औषधानं उतरते. तुम्हाला स्वतःला बोलायचं असेल, थकले असाल, तर टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाईन आहे, १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात.

आमच्या आबांना शुगर आहे, दोन वेळ इन्सुलिन. सणाला पुरणपोळी मागतात, आई म्हणते गुळाची आहे, गुळानं काही होत नाही. देऊ का?
नातू, लाखनी तालुका

गुळानं होते, साखरेइतकंच होते. चण्याच्या डाळीमुळे थोडं सावकाश चढते एवढंच. अर्धी पोळी, तूप लावून, भाजी कोशिंबिरीसोबत, अन त्या जेवणात भात बंद, असं जमवा, पण किती हे आबांच्या डॉक्टरला फोन करून विचारा, दोन मिनिटाचं काम आहे.

मला खरी भीती पोळीची नाहीच, उशिराची आहे. जेवणाआधीचं इन्सुलिन नेहमीच्या वेळेला टोचलं अन मग नैवेद्य, आरती, पाहुणे करत जेवण दोन तास लांबलं की शुगर खाली जाते. घाम फुटते, हात थरथरतात, माणूस चिडचिड करते नाहीतर भलतंच बोलते, अन घरच्यांना वाटते आबा सणासुदीचे रुसले. शुद्धीवर असतील तर तीन चमचे साखर पाण्यात घोळून लगेच, पंधरा मिनिटानं पुन्हा तपासा, सुधारले की जेवण. बेशुद्ध असतील तर तोंडात काहीच टाकायचं नाही, साखर पण नाही, १०८ ला फोन. म्हणून ताट समोर आल्याशिवाय सुई नाही, अन आबांचं ताट सगळ्यात आधी. वरच्या सूनबाईला जे सांगितलं तेच.

ताई, मी लेक आहे, लग्न केलं नाही, आईजवळच राहते. मागच्या वर्षी आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं, वॉकरवर चालते. दोन भाऊ पुण्याला. महालक्ष्म्यांना तीन दिवस बायका लेकरं घेऊन येतात, आई किती वाळली म्हणतात, हे औषध काऊन देतेस ते काऊन नाही म्हणतात, फोटो काढतात अन जातात. मी तीनही दिवस चुलीपाशी, अन रात्री आईला बाथरूमला नेणं पण माझ्याकडेच. सणच नको वाटतो आता. काय करू?
आर्वी तालुका

ज्यांना आई वाळलेली दिसते त्यांना रात्री दोन वाजता आईला बाथरूमला नेऊ द्या, मग पुष्कळ गोष्टी दिसतील.

गंमत बाजूला, पण उपाय तोच आहे. ते आल्यावर बोलाल तर भांडण होईल, आई रडेल अन वाईट तुम्हीच ठराल, म्हणून ते निघायच्या आठ दिवस आधी बोला. मदत करा असं मोघम म्हणू नका, मोघम म्हटलं की सगळे ‘हो हो सांग न काय करायचं’ म्हणतात अन मोबाईल घेऊन बसतात. नाव अन वेळ टाकून काम द्या. तीनही रात्री आईजवळ भाऊ झोपतील, एक दिवस मोठा, एक दिवस लहान, तिसऱ्या दिवशी चिठ्ठी टाका. वहिन्यांवर ढकलून देतील भाऊ, ते चालू देऊ नका, आई त्यांची आहे. आणि तुम्ही त्या तीन रात्री दुसऱ्या खोलीत दार लावून झोपा, आवाज आला तरी उठू नका, पहिल्या रात्री झोप लागणार नाही, दुसऱ्या रात्री लागेल.

खर्चाची वही ठेवता का? नसेल तर आजपासून ठेवा, औषधं, डॉक्टर, गाडीभाडं, मालिश करणारी बाई. महिन्याचा आकडा भावांना पाठवायचा अन तीन वाटे करायचे, पण तुम्ही चोवीस तास तिथे आहात तो तुमचा वाटा आधीच दिला गेला असं मी तरी धरते. २००७ चा कायदा आहे, आईवडिलांना सांभाळायची जबाबदारी सगळ्या सज्ञान मुलांवर आहे, जवळ राहणाऱ्या एकीवर नाही. कोर्टकचेरी करा असं म्हणत नाही, पण माहीत असलेलं बरं, बोलताना आवाज हलत नाही. काही विचारायचं असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे, सांभाळणाऱ्या माणसानं पण लावलेली चालते.

घरात एवढं बघा की वॉकरच्या वाटेत लाईटच्या माळेची वायर नको, अन लक्ष्मीची पावलं काढताना फरशी ओली राहिली, तेल सांडलं, तर आईला तोवर खुर्चीतून उठू द्यायचं नाही. एकदा खुबा मोडलेलं माणूस पुन्हा पडायला वेळ लागत नाही. संडासच्या वाटेवरचा बल्ब रात्रभर चालू. लेकरं पळतात घरात, त्यांना अंगणात घाला.

स्वयंपाकाला एक बाई लावा, पैसे भावांचे. अन महालक्ष्म्यांनंतर, पण ते सगळे असतानाच ठरवून (नाहीतर पुन्हा कोणी थांबणार नाही), एका भावाला दोन दिवस जास्त थांबवून तुम्ही कुठेतरी जाऊन या, मैत्रिणीकडे जा, मावशीकडे जा, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहेच.

मेसेज लिहायला जड जात असेल तर हा घ्या, जसाच्या तसा ग्रुपवर टाका: ‘दादा, भाऊ, महालक्ष्म्यांना तुम्ही येऊन राहिले याचा आईला आनंद आहे. तीनही रात्री आईजवळ तुम्ही झोपायचं आहे, कोणत्या रात्री कोण ते मला रविवारपर्यंत सांगा. स्वयंपाकाला बाई सांगितली, तिचे पैसे दोघांनी अर्धे अर्धे. आईच्या गोळ्यांचा कागद सोबत पाठवते, आल्यावर विचारू नका, आधीच वाचा.’ खाली गोळ्यांच्या कागदाचा फोटो जोडा अन रविवारी संध्याकाळपर्यंत उत्तर आलं नाही तर मोठ्याला फोन लावा, मेसेजवर मेसेज टाकत बसू नका.